थंड हवा, उष्ण हवा आणि ध्वनीचा वेग

ध्वनी हवेपेक्षा लोखंडातून कितीतरी पट वेगाने जातो हे शाळेत शिकलेले असल्यामुळे, माध्यम जितके दाट तितका ध्वनी वेगवान, असा नियम अनेकांच्या मनात पक्का बसतो आणि थंड हवा दाट असल्याने थंडीत ध्वनीचा वेग वाढत असावा, असे अनुमान त्यातून काढले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लोखंडातील वेग त्याच्या घनतेमुळे नव्हे, तर स्थितिस्थापकतेमुळे, म्हणजे दाबले असता पूर्ववत होण्याच्या प्रचंड जोरामुळे, मिळतो. केवळ घनता वाढली तर वेग उलट घटतो. हवेत ध्वनी पुढे सरकतो तो रेणूंच्या टकरींतून, आणि रेणूंची चपळाई तापमानावर ठरत असल्यामुळे ० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असलेला वेग २० अंशांना ३४३, तर ४० अंशांना जवळजवळ ३५५ मीटर होतो.

उंचावरील हवा विरळ असल्याने तेथे ध्वनी मंदावतो, हा समजही अर्धवट आहे. दाब आणि घनता एकाच प्रमाणात घटल्यास त्यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. ११ किलोमीटर उंचीवर वेग सुमारे २९५ मीटरवर येतो, तो तेथील उणे ५६ अंशांच्या थंडीमुळे.

उष्णतेचा हा वाटा न्यूटनच्याही नजरेतून निसटला होता. ध्वनीमुळे हवा दाबली जाताना तिचे तापमान स्थिर राहते, असे त्याने १६८७ मध्ये गृहीत धरले आणि त्याचे उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी कमी आले. दाबाची ही क्रिया इतकी जलद घडते की निर्माण झालेली उष्णता बाहेर पडूच शकत नाही, हे ध्यानात घेऊन लाप्लासने १८१६ मध्ये ती चूक दुरुस्त केली.

थंडीच्या पहाटे देवळातील घंटा दूरवर ऐकू येते, ती ध्वनी वेगवान झाल्यामुळे, असेही मानले जाते. शांतता हे त्याचे एक कारण खरेच, पण अधिक रोचक कारण वेगळे आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा वेळी ध्वनिलहरीचा वरचा भाग खालच्या भागाच्या पुढे जात असल्याने संपूर्ण लहर जमिनीकडे झुकते, म्हणजेच तिचे अपवर्तन होते, आणि एरवी आकाशात विरून गेला असता असा ध्वनी दूरच्या कानांपर्यंत पोहोचतो. तापलेल्या जमिनीवर भर दुपारी लहर वरच्या दिशेने वळते, त्यामुळे तीच घंटा तितक्याच जोराने वाजवली तरी काही अंतरापलीकडे ती अगदी क्षीण होते किंवा ऐकूच येत नाही.