१२.४ की १२.६?

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने मला एक काम दिलं. विज्ञान शाखेच्या ऑनलाइन तासांची रेकॉर्डिंग पाहायची आणि तक्ता भरायचा. स्लाइड वापरल्या का? पोल घेतला का? सिम्युलेशन दाखवलं का? होय किंवा नाही.

भौतिकशास्त्राच्या एका सरांना जवळजवळ सगळीकडे 'होय' पडलं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या सिम्युलेशन-संचातला लंबक पडद्यावर छान हलत होता. पण दोरी लांबवली तर आवर्तकाल वाढेल की घटेल, हे मुलांना विचारायच्या आतच सरांनी माउस ओढला. "कळलं ना?" म्हणाले आणि लगेच पुढची स्लाइड. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गावर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर मुलं जास्त बोलतात.

मग रसायनशास्त्राच्या मॅडमचा तास लावला. रिकामी प्रयोगशाळा, स्लाइड नाही, पोल नाही. मोबाइल कपड्यांच्या हँगरला रबरबँडने बांधलेला. तो त्यांनी ब्युरेटच्या वरच्या बाजूने तिरका धरला. "वाचा." चॅटमध्ये १२.४ ची रांग लागली. मग तो द्रावणाच्या पातळीत आणला. "आता?" १२.६.

"द्रावण तेवढंच आहे. मग चुकलं कुठे?"

आणि त्या गप्प राहिल्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी मोजले, १४ सेकंद. शेवटी एकाचा माइक सुरू झाला, "मॅडम, वरून बघितलं म्हणून."

खऱ्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाची नजर वेगळ्या उंचीवर असते. पॅरलॅक्सची चूक सगळ्यांना एकदम दाखवणं मला तरी कधी जमलं नाही. इथे साऱ्या वर्गाचा डोळा एकच होता, आणि तो मॅडमच्या हातात होता.

पुढे फिनॉल्फथॅलीनची फिकट गुलाबी छटा मात्र कॅमेऱ्यात उमटेना. मागे पांढरा कागद धरून झाला, तरी नाही. मॅडमनी सारवासारव केली नाही. "हे कॉलेजात आल्यावरच बघायचं," म्हणाल्या आणि जर्नलात तेवढी जागा कोरी सोडायला लावली.

तक्त्याप्रमाणे सरांना २० पैकी १८ गुण झाले, मॅडमना ६. मॅडमच्या तक्त्याच्या समासात मी '१४ सेकंद' असं लिहून सही केली. चार दिवसांनी तो तक्ता परत आला. समासात लिहिलेलं चालत नाही, नवा भरून द्या.