घरचा कामाचा बाक व पिकराखणीची बंदूक

शेतकऱ्याच्या घरीं बैलास गोठा असतो, दाण्यास कणगी असते, कडब्यास गंज असते. परंतु हातानें कांहीं दुरुस्त करावयाचें झाल्यास त्यास ठरलेली जागा बहुधा नसते. कुऱ्हाडीचा दांडा ओट्यावर बसवावयाचा, कुळवाची फास उंबऱ्यावर ठोकावयाची, आणि परवान्याची बंदूक बाजेवर पोराबाळांच्या घोळक्यांत पुसावयाची, अशी आपली रीत आहे. ह्यांतील शेवटची रीत तर मोडलीच पाहिजे. त्याकरितां दोन हात लांबीचा एक भक्कम बाक पुरे होतो.

बाक लहान असून भक्कम कसा करावा, हें शिकावयाचें तर अमेरिकेकडे पाहावें. तिकडे पुष्कळ लोक झाडलेलीं काडतुसें स्वतःच्या वापरापुरतीं घरीं पुन्हां भरतात. त्यासाठीं बाकावर एक दाबयंत्र बसवितात व त्याची लांब दांडी प्रत्येक वेळीं जोरानें खालीं ओढतात. बाक हलका असला तर तो पुढें कलंडतो, हलता असला तर माप चुकतें. म्हणून त्यांनीं बांधणीचे जे नियम धरले ते आपल्या कामास तंतोतंत लागू पडतात. ते नियम अवश्य घ्यावे. काडतुसें भरण्याचा उद्योग मात्र घेऊं नये.

कारण आपल्याकडील कायदा निराळा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणें बंदूक किंवा दारूगोळा तयार करण्यास, इतकेंच नव्हे तर बंदूक दुरुस्त करण्यासही, वेगळा परवाना लागतो. कलम १३ मध्यें पिकांच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु तो बंदूक बाळगण्याचा परवाना होय, कारखाना चालविण्याचा नव्हे. रानडुक्कर व रोही ह्यांनीं आपणांस कितीही जेरीस आणलें असलें तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें वनखात्याच्या परवानगीवांचून त्यांवर गोळी झाडतां येत नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

मी तहसील कचेरींत कारकून असतां एका खातेदाराचें प्रकरण माझ्या मेजावर आलें होतें. पावसाळ्यांत ओल धरलेली बंदुकीची दारू त्यानें पत्र्याच्या डब्यांत घालून चुलीशेजारीं वाळत ठेवली. उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं, आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्तावही त्याच फाइलींत लागला. त्याच्या जबाबाची नक्कल मीच केली. "कोरडी झाली कीं नाहीं तें पाहत होतों," एवढेंच त्यांत होतें. तें वाक्य लिहितांना टांक थांबला होता, हें मला अद्याप आठवतें.

आतां बाकाकडे वळूं. आमची मुकुंदवाडी शहराच्या पोटांत गेली. गांवठाणांतील घरें लहान, शेतें लांब. माझ्या पडवींत जी जागा निघाली तीवरून माप धरलें: लांबी तीन फूट, रुंदी दीड फूट. रुंदी ह्याहून अधिक केल्यास भिंतीवरील हत्यारापर्यंत हात पोंचत नाहीं. उंची ज्याच्या त्याच्या देहाप्रमाणें ठेवावी. व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, बसविल्यावर त्याचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीस यावा. मध्यम उंचीच्या माणसास बाक तेहतीस-चौतीस इंचांचा होतो.

लांकूड ओलें घेऊं नये. बाभूळ मजबूत खरी, पण ओली असतां वापरली तर पिळते व तडकते. आपल्या मराठवाड्यांत जुनीं माळवदें पाडलीं जात आहेत. त्यांतील तुळया व खांब पन्नास-पन्नास वर्षें वाळलेले असतात. ह्याहून चांगलें लांकूड पैसे मोजूनही मिळत नाहीं. पाय साडेतीन इंच चौरस, वरची फळी दोन इंच जाड. पायांना कुसू पाडून चौकट खाचेंत बसवावी आणि जमिनीपासून अर्ध्या फुटावर चारी बाजूंनीं आडव्या पट्ट्या द्याव्या. मागच्या बाजूस एक तिरपी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यावी. ही एक पट्टी सुतार हटकून विसरतो, आणि बाक डोलतो तो तिच्याच अभावीं.

व्हाइस बाकाच्या मध्यावर बसविण्याची चूक मीही केली होती. एका हंगामांत फळी दबली. दाब पायांतून जमिनींत उतरला पाहिजे, म्हणून तो पुढच्या पायाच्या अगदीं वर बसवावा. खिळे किंवा स्क्रू न वापरतां आरपार बोल्ट घालून खालून रुंद चाकत्या व आडवें लांकूड द्यावें. भिंत विटांची असल्यास बाक तिला दोन लोखंडी कोनांनीं जखडावा. मातीच्या भिंतींत बोल्ट धरत नाहीं; तेथें खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून तीवर जुन्या जात्याचे दोन्ही दगड ठेवावे. घरांत पडून असलेलें जातें कामीं लागतें व बाक जागचा हलत नाहीं. परीक्षा सोपी आहे: कांठोकांठ भरलेला तांब्या फळीवर ठेवून व्हाइसची दांडी जोरानें आवळावी, पाणी सांडलें तर कोठेंतरी सांधा सैल आहे.

ह्या बाकावर भरलेली बंदूक कधींही येऊं देऊं नये. काडतुसाची बंदूक उघडून नळींतून उजेड पाहावा. ठासणीच्या बंदुकींत तसें दिसत नाहीं. म्हणून गज नळींत तळापर्यंत सोडून तोंडाशीं खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. खूण तोंडाशीं व टोंक कान्याशीं जुळलें तर नळी रिकामी. टोंक दोन-तीन बोटें अलीकडे राहिलें तर आंत बार आहे. काळ्या दारूची काजळी हवेंतील ओल शोषून नळी खाते, यास्तव ती कढत पाण्यानें धुवून, पुरती वाळवून मगच तेल द्यावें. व्हाइसच्या जबड्यांत जुन्या चामड्याचे तुकडे घालावे आणि नळी हलकीच धरावी, एरवीं ती चेपते. घोड्याची कमान सैल झाली तर परवानाधारक कारागिराकडे जावें. तें काम ह्या बाकाचें नव्हे. दारू व काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलुपांत असावीं, आणि साफसफाई दिवसाउजेडीं करावी, म्हणजे दिवा जवळ आणण्याची पाळी येत नाहीं.