उजव्या उंबऱ्याखालची तेलाची वाट

इंजिन मागे धडधडतंय आणि मेस्त्री मात्र गाडीच्या पुढे उकिडवा बसलाय. उजव्या मडगार्डाखाली हात घालून तो एका नळीला बोटं टेकवतो, काढून घेतो, थोड्या वेळाने पुन्हा टेकवतो. नळी गारच. इंजिन तापून बराच वेळ झाला तरी गारच. मग एकदम तो हात मागे ओढतो आणि उठून उभा राहतो. तेल पोचलं.

जुन्या पोर्शे ९११ चं तेलाचं काम केलं की ही परीक्षा घ्यावीच लागते. मला या गाडीचा घाट आवडतो, आवाज त्याहून आवडतो. पण तिच्या उजव्या कडेने इंजिनापासून नाकापर्यंत गेलेल्या त्या दोन नळ्या मला सगळ्यात जास्त आवडतात, कारण ही गाडी कशी विचार करून बांधली आहे ते तिथे कळतं.

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं, तीन या बाजूला नि तीन त्या बाजूला, आणि तेही मागच्या चाकांच्या मागे. पाण्याचा रेडिएटर नाहीच. एक मोठा पंखा सिलिंडरांवर वारा मारतो आणि उरलेली उष्णता तेलाने उचलायची. त्यामुळे या इंजिनात तेलाला दोन नोकऱ्या आहेत, वंगणाची आणि पाण्याचीही.

हे तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये साठवून ठेवत नाहीत. जोरात वळण घेताना ते एका बाजूला धावेल आणि पंप नुसती हवा ओढेल, ही भीती. म्हणून एक पंप खाली गळून आलेलं तेल उचलून वेगळ्या टाकीत पाठवतो आणि दुसरा पंप त्या टाकीतून ते बेअरिंगांना पुरवतो. टाकी उजव्या मागच्या मडगार्डात, चाकामागे. एकदाच, १९७२ च्या मॉडेलला, वजन जरा पुढे यावं म्हणून ती चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण बाहेरून, उजव्या दरवाजामागे दिलं. पंपावरच्या पोऱ्यांनी त्यात पेट्रोल ओतल्याच्या कहाण्या आजही सांगतात. पुढच्याच वर्षी टाकी परत जुन्या जागी गेली.

पहिल्या इंजिनाची ताकद १३० अश्वशक्ती होती. तेवढ्याला इंजिनावरच बसवलेला, त्याच पंख्याचा वारा खाणारा कूलर पुरत होता. १९६९ च्या ९११ एस मध्ये ती १७० वर गेली, आणि मग दुसरा कूलर आला. तो ठेवायचा कुठे? मागे सगळी हवा इंजिनाच्या धगीने तापलेली. ताजा वारा मिळतो तो गाडीच्या तोंडाशी. म्हणून कूलर पुढच्या उजव्या मडगार्डात गेला. त्याच वर्षी पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवून २२६८ केलं होतं. एवढं सगळं ओलांडून तेलाने जायचं आणि तितकंच परत यायचं.

उजवीकडूनच का, तर टाकी उजवीकडे. पण नेमकं कुठून? बसायच्या जागेतून उकळतं तेल कोणी नेणार नाही. गाडीच्या पोटाखालून मधोमध न्यावं तर दगड आणि खाचखळगे. उरतो तो दरवाजाचा उंबरा. त्याच्या खालच्या कडेला दोन्ही नळ्या शेजारीशेजारी धावतात, एक जाणारी, एक येणारी. वाटेतही त्यांना वारा लागतो, म्हणजे कूलरपर्यंत पोचायच्या आधीच थोडं काम होऊन जातं. सरळ पल्ल्यात नळी धातूची, कारण बॉडी हलत नाही. इंजिन रबरी पायांवर बसून थरथरत असतं, तिथे लवचीक होज लागतोच. पुढे चाक पूर्ण वळवून, स्प्रिंग दाबून पाहायचं, टायर नळीला शिवतो का. नळी धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली रबर नसेल तर थरथरीने पट्टीच नळीला कापते. आणि जॅक चुकीच्या जागी लावला की क्षणात नळी चेपते.

हल्ली बरेचजण मूळ नळ्या काढून जाळीदार स्टीलचे होज टाकतात. दिसायला देखणे. पण आतून अरुंद होज आणि काटकोनात मोडणारे सांधे घेतले, तर तेल उचलणाऱ्या पंपाला उगाच जास्त जोर लावावा लागतो. मी तरी मूळ रुंद नळी आणि तिची मोठी, संथ वळणं सोडणार नाही.

उजव्या मागच्या चाकापुढे थर्मोस्टॅट आहे. गार तेल घट्ट असतं, त्याला पुढे पाठवून उपयोग नाही, म्हणून थर्मोस्टॅट ते थेट टाकीकडे वळवतो. सुमारे ८३ अंशांना तो उघडू लागतो आणि पुढची वाट सुरू होते. त्याचं घर ॲल्युमिनियमचं, नळीचे नट दुसऱ्या धातूचे. चाकाने उडवलेलं पाणी आणि बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ यांत वीस-तीस वर्षं गेली की दोघं एकजीव होतात. मोठा पाना लावून जोर केला तर नट सुटत नाही, ॲल्युमिनियमचे आटेच निघून हातात येतात. शहाणा मेस्त्री नळी कापतो, नट चिरून काढतो आणि थर्मोस्टॅट वाचवतो. नळी नवीन घेता येते, असा त्याचा हिशोब असतो आणि तो बरोबर असतो.

याच कंपनीच्या ९१७ या १९६९ च्या शर्यतीच्या गाडीतही कूलर नाकातच होता. तिथे वजनाची इतकी काटकसर, की सांगाड्याच्या काही नळ्यांमधूनच तेल पुढे नेलं आणि मागे आणलं. गाडी जिच्यावर उभी, तीच नळी तेलाचीही. १९७० मध्ये तिने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. इंजिनाचं बेअरिंग गेलं, तर धातूचा कीस तेलाबरोबर पुढे जातो आणि कूलरच्या बारीक वाटांत अडकून बसतो. इंजिन नवं बांधलं, कूलर आणि नळ्या तशाच ठेवल्या, तर तो कीस परत निघतो आणि नव्या बेअरिंगांवर येतो. कूलर नीट धुता येत नसेल तर टाकून द्यावा. इथे पैसे वाचवू नयेत.

तर, तेल पोचलं. रिकामा कूलर आणि नळ्या भरल्या म्हणजे टाकीतली पातळी उतरली. या गाडीचं तेल गार असताना मोजत नाहीत. इंजिन पूर्ण तापलेलं, संथ चालू आणि गाडी सपाट जमिनीवर, तेव्हाच डिपस्टिकवर भरवसा. मेस्त्री थोडं तेल ओततो, थांबतो, काठी पुसून पुन्हा पाहतो. इंजिन बंद केल्यावर उजव्या उंबऱ्याखाली मागपासून पुढपर्यंत पुठ्ठे अंथरतो आणि दिवा मालवतो. सकाळी आल्यावर तो आधी पुठ्ठेच बघेल.