ऑनलाइन शाळा निवडण्यापूर्वी : बोर्ड कोणते, दाखला कसा आणि मुलासोबत कोण?

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या विहारांमध्ये रविवारच्या वंदनेनंतर एक प्रश्न आता हमखास येतो. "नववीतल्या पोराचं शाळेत मन लागत नाही. ऑनलाइन शाळा कोणती चांगली?" विचारणारे कधी वाळूजच्या कंपनीत काम करणारे वडील असतात, कधी मुकुंदवाडीतली मावशी, तर कधी नुकताच पदवीधर झालेला मोठा भाऊ. मोबाइलवर जाहिराती येतात : घरबसल्या दहावी, एका वर्षात बारावी, नापासांना खात्रीने पास. आई-वडील गोंधळतात आणि फॉर्म भरायची जबाबदारी घरातल्या शिकलेल्या तरुणावर येते. हा लेख त्या तरुणासाठी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. "कोणती ऑनलाइन शाळा?" हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत : शाळा का सुटते आहे, प्रमाणपत्र कोणाचे मिळणार आहे आणि घरी मुलासोबत कोण बसणार आहे.

शाळा का सुटते आहे?

मुलाला बाहेर काढण्याआधी त्याच्याशी एकट्याने, शांतपणे बोला. कारण आजारपण असेल, खेळ किंवा कलेचा सराव असेल, तर मुक्त शिक्षण खरोखर उपयोगी पडते. पण वर्गात जातीवरून टोमणे, मारहाण किंवा सततचा अपमान हे कारण असेल, तर मुलाने गुपचूप घरी बसणे हा न्याय नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, दुसरी शाळा पाहा. एवढे करूनही मूल तयार नसेल, तर मुक्त शिक्षणाचा विचार करा.

कारण ऊसतोडीचे स्थलांतर असेल, तर गावातल्या हंगामी वसतिगृहाची चौकशी आधी करा. आई-वडील तोडीला गेले तरी मुलाने गावातल्याच शाळेत राहावे, यासाठीच ती व्यवस्था आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी सावध राहा. कोरोनात मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या, तेव्हाचे दिवस आठवा. घरात एक मोबाइल, तो वडिलांसोबत कामावर. संध्याकाळी तो भावाकडे, आणि मुलगी स्वयंपाकघरात. घरी बसून शिकणारी मुलगी हळूहळू घरकामाला लागते आणि मग लग्नाचा विषय निघतो. मुलीसाठी शाळेचा रस्ता हाच पुष्कळदा तिचा मोकळा श्वास असतो. तो बंद करण्यापूर्वी तिला स्वतःला काय हवे आहे, हे तिच्याच तोंडून ऐका.

प्रमाणपत्र कोणाचे?

ऑनलाइन शाळा शिकवू शकते, सराव घेऊ शकते. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र मात्र बोर्ड देते. बोर्ड मान्यताप्राप्त नसेल, तर शिकवणी कितीही चांगली असो, पुढचे दार अडते. २०१६ साली मुंबईतली एक विद्यार्थिनी अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत पोहोचली. तिने सातवीनंतर शाळा सोडली होती आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली होती. तरी बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा मार्ग तिच्यासाठी बंदच होता. तिची बुद्धी आणि तिच्या घरचे पाठबळ, दोन्ही असामान्य होते. आपल्या वस्तीतल्या मुलाला कागदाशिवाय कोणी उभे करणार नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

महाराष्ट्रातल्या मुलासमोर मुख्यतः तीन सरकारी मार्ग आहेत.

पहिला, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेली ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था आहे. दहावीसाठी किमान वय १४ वर्षे लागते, बारावीसाठी १५ आणि दहावी उत्तीर्ण. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, त्यात किमान एक भाषा. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि एकूण नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय देत पुढे जाता येते, सुटलेले विषय जमा राहतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के लागतात. दुसऱ्या मान्य बोर्डात नापास झालेल्या मुलाला उत्तीर्ण झालेल्या विषयांपैकी दोनपर्यंतचे गुण इकडे आणण्याची सोय आहे. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. राज्याचे विभागीय केंद्र पुण्याला आहे.

दुसरा, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. याने मूल खासगी विद्यार्थी म्हणून, पण नेहमीचीच दहावी-बारावी देते. पुस्तके तीच, प्रश्नपत्रिका तीच, प्रमाणपत्र तेच. नोंदणी एखाद्या शाळेला संपर्क केंद्र धरून होते. मराठी माध्यमात नववीपर्यंत शिकलेल्या मुलाला हा मार्ग अभ्यासाच्या दृष्टीने सर्वात जवळचा. राज्य मंडळाचे विभागीय कार्यालय आपल्या शहरातच आहे आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली हे जिल्हेही त्याच्याकडे येतात. अडचण आली तर प्रत्यक्ष जाऊन विचारता येते, ही मोठी सोय आहे.

तिसरा, राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ. २०१७ साली सुरू झालेल्या या मंडळात पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या स्तरांची परीक्षा देता येते. पाचवी-सहावीतच शाळा सुटलेल्या मुलासाठी याचा विचार करावा.

खासगी ऑनलाइन शाळा पुष्कळदा मुलाची नोंदणी एनआयओएसमध्येच करतात आणि वर स्वतःची शिकवणी फी लावतात. त्यात गैर काही नाही, पण पालकाला ते माहीत हवे. "आमची शाळा सीबीएसईची आहे, पूर्ण ऑनलाइन" असे कोणी म्हणाले तर थांबा. सीबीएसईच्या संलग्नतेसाठी जागा, इमारत, वर्गखोल्या लागतात. मग मुलाचे नाव नेमके कोणत्या शाळेच्या पटावर राहणार आहे, हे लेखी विचारा. केंब्रिजसारखी परदेशी बोर्डे खरी आहेत, पण फी प्रत्येक विषयामागे लागते आणि भारतातल्या समकक्षतेच्या अटी आधी तपासाव्या लागतात.

मुक्त शाळेची दहावी-बारावी कमी प्रतीची, हा समज मात्र काढून टाका. अकरावी, पदवी, सरकारी नोकरी यांसाठी एनआयओएसचे प्रमाणपत्र चालते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेबाबत वर्षानुवर्षे वाद होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा मार्ग मोकळा केला.

विषय निवडताना पुढचे पाहा

"सोपे विषय देतो" असे सांगून एजंट गणित आणि विज्ञान गाळतात. दहावी पदरात पडते, पण पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी अर्ज करताना दहावीला गणित-विज्ञान हवे असते, हे तेव्हा कळते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या पट्ट्यात ज्या कामाला किंमत आहे, तेच हातातून जाते. म्हणून मुलाला दहावीनंतर काय करायचे आहे, ते आधी ठरवा आणि मग पाच विषय निवडा. ठरत नसेल तर गणित-विज्ञान सोडू नका. एनआयओएसला एखादा विषय पुढच्या परीक्षेपर्यंत मागे ठेवता येतो, त्याचा फायदा घ्या.

दाखला आणि जातीची नोंद

हा मुद्दा आपल्या समाजासाठी फार महत्त्वाचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेण्यापूर्वी नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात यांच्या नोंदी तपासा. चूक असेल तर मूल पटावर असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या. नंतर दुरुस्ती करून घेणे फार अवघड जाते. जात पडताळणीच्या वेळी हीच नोंद पुरावा म्हणून पाहिली जाते.

१९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे एनआयओएसमध्ये अनुसूचित जातीसाठी असलेली फी सवलत आपल्यालाही लागू होते. त्यासाठी वैध जात प्रमाणपत्र हवे. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तहसीलला धावण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवा.

शाळा सोडल्याने काय जाते, तेही मोजा. आठवीपर्यंतची मोफत पुस्तके आणि दुपारची खिचडी जाते. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा नियमित प्रवेशावर अवलंबून असते. अकरावीपासून मिळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेला महाविद्यालयातली हजेरी लागते. म्हणून दहावी मुक्त पद्धतीने आणि अकरावी पुन्हा नियमित महाविद्यालयात, हा रस्ता बहुतेक घरांना परवडणारा आहे.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

परीक्षा कोणत्या बोर्डाची आणि नोंदणी क्रमांक कोणाच्या हाती राहणार? बोर्डाची फी किती आणि तुमची किती? दोन्हींच्या वेगळ्या पावत्या देणार का? परीक्षा केंद्र आणि प्रात्यक्षिक कुठे? शिकवणी मराठीत आहे का? मधेच सोडले तर पैसे परत मिळतील का?

नोंदणी नेहमी बोर्डाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, मुलाच्या किंवा पालकांच्याच मोबाइल नंबरने करा. आमच्या ओळखीतल्या एका घराने एजंटच्या नंबरवर नोंदणी केली. पुढे त्याने फोन उचलणे बंद केले आणि ओटीपीअभावी हॉल तिकीट काढायला आठवडा गेला. "पास करून देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा.

मुलासोबत कोण?

एनआयओएसमध्ये अभ्यास केंद्रावर संपर्क वर्ग असतात आणि गृहपाठाला २० टक्के भार असतो. तो वेळेत दिला नाही तर ते गुण जातात. दीक्षा ॲप आणि पीएम ई-विद्याच्या वाहिन्यांवर धडे फुकट आहेत. म्हणजे शिकवणाऱ्या साहित्याची फारशी टंचाई नाही. टंचाई आहे ती रोज ठरल्या वेळी शेजारी बसणाऱ्या माणसाची. चौदा-पंधरा वर्षांचे मूल एकट्याने मोबाइलसमोर बसून दहावी काढेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

शिकणाऱ्याच्या सोयीने शाळा उभी करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले. १९५० साली ते उच्च शिक्षण मराठवाड्यात घेऊन आले, आणि नागसेनवनातून शिकून गेलेल्या पिढ्यांवर आज आपली घरे उभी आहेत.

आज आपल्या वस्त्यांत विहार आहेत, काही ठिकाणी अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुले बसतात. त्याच टेबलाचा एक कोपरा शाळा सुटलेल्या मुलांसाठी ठेवता येईल. संध्याकाळी दोन तास, वायफाय, जुनी पुस्तके आणि आठवड्याला एक विषय घेणारा एक पदवीधर, एवढे पुरे. मुलाला शिकवणीइतकीच सोबत्यांचीही गरज असते, ती इथे भागते.

या रविवारी वंदनेनंतर एक वही काढा. आपल्या वस्तीतली शाळा सुटलेली मुले-मुली किती, कोणत्या इयत्तेतून आणि कशामुळे, ते घरोघरी विचारून लिहा. प्रत्येक नावासमोर जबाबदारी घेणाऱ्या एका तरुणाचे नाव लिहा. त्यानंतर बोर्ड निवडा. ऑनलाइन शाळेचा विषय त्यानंतर.

जय भीम.