कोणाची गं तू?

"आई, मी पॅकेजिंग करतेय," लेक म्हणाली आणि मला हसूच फुटलं. म्हटलं, अगं मग आमच्या गटातच ये की! गेली कित्येक वर्षं मी दुसरं काय करतेय? अलिबागजवळच्या आमच्या गावात बायकांचा बचत गट आहे. कडवे वाल, पोह्याचे पापड, कोकम, मसाला यांची पाकिटं भरायची, वजन करायचं, सील मारायचं, लेबल चिकटवायचं. कॉम्प्युटर इंजिनीअर होऊन हिनेही पाकिटंच भरायची?

ही गोष्ट 2020 सालची. लॉकडाऊन लागला आणि लेक पुण्याहून घरी आली. कॉलेजात असताना ठरलेली नोकरी 'पुढे ढकलली' होती. पुढे म्हणजे किती पुढे, ते कोणी सांगत नव्हतं. ही दिवसभर लॅपटॉपसमोर. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "पैसे किती मिळतात गं?" हिने सरळ सांगितलं, "काहीच नाही." काकू गप्प बसल्या, पण त्यांचं ते गप्प बसणं मला रात्रभर झोपू देईना.

शेवटी एका दुपारी तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, समजावून सांग मला. मीही चार बुकं शिकलेय.

ती म्हणाली, "आई, रेवदंड्याच्या मावशीच्या धाकट्या जावेचं माहेर कुठलं?"

"चौलचं. का गं?"

"बघ, तू एका दमात सांगितलंस. कॉम्प्युटरला हे पूर्वी कठीण जायचं. आधी मावशीची माहिती मागायची. ती पत्त्यासकट, वाढदिवसासकट सगळी यायची. मग जावांची यादी, मग त्यातल्या धाकटीची माहिती. तीन हेलपाटे आणि नको असलेलं ओझं! आता एकाच प्रश्नात नात्यानात्यातून जाऊन हवं तेवढंच मागता येतं. त्या पद्धतीचं नाव ग्राफक्यूएल."

मैत्रिणींनो, मला तर एकदम पटलं. आपल्याकडे नवी सून दारात आली की आपण काय विचारतो? "कोणाची गं तू?" आणि त्या एका धाग्यावरून अख्खं गणगोत उलगडतो. हेच काम फेसबुकच्या लोकांनी 2012 साली मोबाइलसाठी बसवलं आणि 2015 साली सगळ्या जगाला खुलं केलं.

आता अशी प्रश्नोत्तरांची सोय आपल्या प्रोग्रॅममध्ये करायची, तर सगळं मुळापासून लिहीत बसायला नको. तयार सामान मिळतं, त्याला लायब्ररी म्हणतात. रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत अशी एक लायब्ररी आहे. रॉबर्ट मोसोल्गो या प्रोग्रामरने ती सुरू केली, पुढे अनेकांचे हात लागले. गिटलॅब म्हणून प्रोग्रामरांनी मिळून काम करण्याची एक मोठी व्यवस्था आहे, तिला ही लायब्ररी लागते. आणि लेक तिची नवी आवृत्ती बांधत होती 'डेबियन'साठी.

डेबियन म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था, पण फुकट आणि खुली. 1993 साली इयान मर्डॉक या तरुणाने ती सुरू केली. आपल्या नावाआधी मैत्रिणीचं, डेब्राचं नाव जोडलं आणि झालं 'डेबियन'. मला हे फार आवडलं. तिचं नाव आधी! आज जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात. 2025च्या आवृत्तीत 69 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. त्यातलं प्रत्येक पॅकेज कोणीतरी बांधलेलं, तपासलेलं आणि जबाबदारी घेतलेलं.

"पण लायब्ररी तयारच आहे, मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"तू काय करतेस? वाल शेतकऱ्याने पिकवलेच आहेत की!"

घ्या! बोलतीच बंद.

मग तिने पाकिटाचं लेबल दाखवलं. एका फाइलमध्ये नाव, वर्णन आणि हे चालायला आणखी काय काय लागतं त्याची यादी. दुसरीत काय बदललं, कोणी बदललं, कोणत्या तारखेला. तिसरीत बांधायची कृती. आणि चौथीत हे मूळ कोणी लिहिलं आणि कोणत्या अटीवर वापरायला दिलं.

यादीचं महत्त्व तिने एका जुन्या फजितीवरून सांगितलं. 2016 साली एका प्रोग्रामरने रागाने आपला जेमतेम अकरा ओळींचा कोड इंटरनेटवरून काढून घेतला. जगभर त्यावर अवलंबून असलेली हजारो कामं एकदम अडली. एवढीशी हळद, पण नसली की अख्खा स्वयंपाक अडतो, तसं.

यादी पुरती आहे की नाही हे बघायला पॅकेज एका रिकाम्या 'खोलीत' बांधतात. म्हणजे कॉम्प्युटरमध्येच एक कोरी जागा. तिथे इंटरनेटसुद्धा नाही. यादीत लिहिलंय तेवढंच सामान मिळणार. आपल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून हात घातला तरी डबा सापडतो. दुसरीच्या घरी कृती दिली की कळतं, अरेच्चा, मीठ लिहायचं राहिलं!

मला आपल्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली कुलाब्याचं काम इथे आणलं आणि इमारत बांधताना लोखंड टाळलं. खरी नोंद हवी तर बाहेरचं काही आत यायला नको. लेक म्हणाली, "अगदी तस्संच!"

एवढं करून नवख्या मुलीला पॅकेज स्वतः पाठवता येत नाही. अनुभवी सदस्य तपासतो, चुका काढतो, मग तो पाठवतो. अगदी नवं पॅकेज असेल तर आणखी एक चाळणी, तिथे आठवडेच्या आठवडे रांग. गिटलॅबच्या कामासाठी हिने आधी एक छोटी, दुसरीच लायब्ररी बांधून रांगेत लावली होती.

आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आपल्या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. वाडीतली माडं-पोफळी आडवी, पत्रे उडालेले, विजेचे खांब रस्त्यावर. आमच्याकडे बारा दिवस दिवे नव्हते. गटाचा उन्हाळ्यात केलेला मसाला निम्मा भिजला. लेकीचा लॅपटॉप बंद पडून होता. तीही माझ्यासोबत पाणी उपसत होती.

वीज आली त्या संध्याकाळी तिने मेल उघडली. छोटं पॅकेज नाकारलं होतं. कारण काय, तर त्यातली एक लहानशी फाइल दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेली होती आणि त्या माणसाचं नाव लेबलवर घालायचं हिच्याकडून राहिलं होतं.

इतके दिवस न रडलेली पोर तेव्हा रडली. "एवढ्याशा नावासाठी, आजी! मी सोडते हे सगळं."

सासूबाई जात्याजवळ भिजलेल्या मिरच्या निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव एवढंसं असतं होय गं? चाळीस वर्षं पांढऱ्या कांद्याच्या माळा विणल्या मी. पात सुकू द्यायची, बोटं सोलायची, पण माळ सुटता कामा नये. व्यापारी घेऊन जायचा आणि त्याच्या नावाने विकायचा. आमची कोणी विचारपूस केलीन नाही."

कोणी काही बोललं नाही. रात्री लेकीने फाइल उघडली, तो राहिलेला माणूस शोधला, त्याचं नाव लिहिलं. मग एकेक फाइल उघडून पहिल्यापासून सगळी नावं तपासली. पावसाळा सरता सरता ते पॅकेज मंजूर झालं. त्यानंतर त्या ग्राफक्यूएलच्या लायब्ररीची नवी आवृत्तीही गेली. बदलांच्या नोंदीत तारखेसमोर माझ्या लेकीचं नाव आहे. जगात कोणीही उघडून वाचावं.

पैसे? त्या कामाचे नाही मिळाले, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत तिने ती नोंदच दाखवली. बोलण्यापेक्षा केलेलं काम समोर होतं.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर एवढं लक्षात ठेवा. या कामाला पदवीची अट नाही, फी नाही. बायकांचा सहभाग वाढावा म्हणून 2004 साली 'डेबियन विमेन' हा उपक्रम सुरू झाला. 'आउटरीची' नावाच्या कार्यक्रमात अशा खुल्या प्रकल्पांवर काही महिने काम करायला मानधनही मिळतं. पुण्यात, केरळात स्वयंसेवकांनी कॉलेजांमध्ये कार्यशाळा घेतल्या आहेत. 2023 साली डेबियनची जागतिक परिषद पहिल्यांदा भारतात, कोचीला भरली. कोड नको वाटत असेल तर भाषांतराचं काम आहेच. डेबियन बसवतानाच्या सूचना मराठीत दिसतात, त्या कोणीतरी बसून लिहिल्यात म्हणूनच ना?

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसरीकडचा कांदा आपल्या नावावर खपवता येत नाही. बातमी वाचून दाखवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गावाचं तरी नाव लागलं."

ते 'तरी' मला टोचलं. आमच्या मसाल्याचं प्रमाण सासूबाईंचं. कोणती मिरची किती, धणे किती भाजायचे, सगळं त्यांचं. पाकिटावर मात्र गटाचं नाव, वजन आणि तारीख. पुढच्या खेपेला नवी लेबलं छापताना मी खाली एक ओळ वाढवली : 'प्रमाण' आणि पुढे सासूबाईंचं पूर्ण नाव.

"माझं नाव कशाला गं त्यावर?" त्या रागावल्या.

पण त्यातलं एक पाकीट त्यांच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली आहे. सगळ्या लुगड्यांना मसाल्याचा वास येतो. मी काही बोलत नाही.