जन्मक्षणी बदलणारी रक्ताची वाट

बाळाचा पहिला टाहो ऐकू येईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीबाहेर कोणाचाच जीव थाऱ्यावर नसतो. तो आवाज कानी पडला, की ताटकळलेले आप्तजन सुटकेचा निःश्वास टाकतात. बाळ रडले म्हणजे ते सुखरूप आले, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. मात्र त्या वेळी बाळाच्या शरीरात नेमके काय घडते, याचा विचार सहसा केला जात नाही. वस्तुतः त्या काही क्षणांत त्याच्या रक्ताची वाटच बदलू लागते. निरोगी मनुष्याच्या रक्ताभिसरणात एवढा मोठा बदल पुढे आयुष्यभर पुन्हा होत नाही.

हा बदल समजण्यासाठी प्रथम हृदयाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते आणि फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूस परतते व महाधमनीवाटे सर्व शरीरात पोहोचते. उजवी बाजू फुप्फुसांसाठी आणि डावी बाजू शरीरासाठी, अशी ही विभागणी आहे.

गर्भाची स्थिती निराळी असते. गर्भाशयात हवा नसते. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली आणि त्यांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. त्यामुळे फुप्फुसांचे काम वार करते. वारेत आईचे आणि गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, अन्नघटक आणि टाकाऊ पदार्थ यांची देवघेव होते. नाळेत सामान्यतः तीन रक्तवाहिन्या असतात. त्यांपैकी एक शीर प्राणवायूयुक्त रक्त गर्भाकडे आणते, तर दोन धमन्या वापरलेले रक्त वारेकडे परत नेतात.

जेथे फुप्फुसे काम करीत नाहीत, तेथे सगळे रक्त त्यांच्याकडे पाठवून काय उपयोग? म्हणून निसर्गाने गर्भात तीन आडवाटा ठेवल्या आहेत. पहिली वाट यकृतापाशी आहे. नाळेतून आलेल्या रक्ताचा काही भाग यकृतात न शिरता ‘डक्टस व्हेनोसस’ या वाहिनीतून थेट हृदयाकडे जातो. दुसरी वाट म्हणजे दोन कर्णिकांमधील पडद्यात असलेले ‘फोरामेन ओव्हेल’ हे अंडाकृती छिद्र. त्यातून रक्त उजवीकडून थेट डावीकडे जाते आणि मेंदूला व हृदयाला अधिक प्राणवायूचे रक्त मिळते. तिसरी वाट म्हणजे फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना सांधणारी जोडवाहिनी. वैद्यकशास्त्रात तिला ‘डक्टस आर्टेरिओसस’ म्हणतात. फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त या वाहिनीतून महाधमनीत वळते.

बाळ जन्मते, पहिला श्वास घेते आणि हे सारे चित्र पालटते. फुप्फुसांतील द्रव हटून तेथे हवा शिरते. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि फुप्फुसांकडे जाणारा रक्तप्रवाह अनेक पटींनी वाढतो. तेथून परतणाऱ्या रक्तामुळे डाव्या कर्णिकेतील दाब वाढतो. त्याच सुमारास नाळेतील प्रवाह थांबल्याने उजवीकडील दाब कमी होतो. परिणामी अंडाकृती छिद्रावरची पातळ झडप दाराप्रमाणे मिटते. जोडवाहिनी मात्र सावकाश मिटते. रक्तातील वाढलेल्या प्राणवायूमुळे तिच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात. शिवाय तिला उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लॅंडिन हे द्रव्य वारेतून मिळेनासे होते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटते आणि पुढील काही आठवड्यांत तिचा केवळ एक तंतू उरतो.

ही दारे वेळेवर मिटली नाहीत, तर विकार उद्भवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात जोडवाहिनी अनेकदा उघडीच राहते. मग महाधमनीतील रक्त उलट फुप्फुसांकडे वाहते, फुप्फुसांवर भार पडतो आणि हृदय थकते. अमेरिकेतील बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस या शल्यविशारदाने 1938 साली सात वर्षांच्या एका मुलीची अशी वाहिनी शस्त्रक्रियेने यशस्वीपणे बांधली. आज काही बाळांत ती औषधाने मिटते, तर काहींत छाती न उघडता, रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून बंद करता येते. याउलट, कधी कधी जन्मानंतरही फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावत नाहीत. त्यामुळे रक्त जुन्याच वाटांनी वाहत राहते आणि बाळ निळे पडते. थंडी आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे ही अवस्था अधिक बिघडते. नवजात बाळाला कोरडे करून उबेत ठेवण्याचे महत्त्व यावरूनही लक्षात येते.

मात्र दार मिटणे हे प्रत्येक बाळाच्या हिताचेच असते, असे नाही. काही बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो आणि फुप्फुसांकडे जाणारा मुख्य मार्ग अरुंद किंवा बंद असतो. अशा बाळाला उघडी जोडवाहिनीच तारून नेते. ती मिटू लागली, की जन्मतः बरे दिसणारे बाळ एक-दोन दिवसांत निळे पडून अत्यवस्थ होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. हेलन टॉसिग यांनी अशा बालकांचे बारकाईने निरीक्षण केले. मिटलेल्या वाहिनीच्या जागी कृत्रिम वाट करून दिली, तर बालक वाचेल, असा विचार त्यांनी मांडला. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी त्यावर काम सुरू केले. थॉमस हे कृष्णवर्णीय होते. पूर्वी ते सुतारकाम करीत. आर्थिक मंदीत शिल्लक बुडाल्याने त्यांना महाविद्यालयात जाता आले नव्हते. तरीही प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी ही शस्त्रक्रिया सिद्ध केली. 29 नोव्हेंबर 1944 रोजी 15 महिन्यांच्या एका मुलीवर ती प्रथम करण्यात आली, तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून थॉमस त्यांना मार्गदर्शन करीत होते. ती मुलगी पुढे फार काळ जगली नाही. परंतु तिच्यामुळे खुल्या झालेल्या वाटेने जगभरातील हजारो बालकांना जीवदान मिळाले. 1976 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने थॉमस यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.

आता अशा बाळाला प्रोस्टाग्लॅंडिनचे औषध शिरेतून देऊन जोडवाहिनी काही काळ उघडी ठेवता येते आणि शस्त्रक्रियेसाठी अवधी मिळतो. परंतु त्यासाठी दोष वेळेत ध्यानात आला पाहिजे. बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला छोटे यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजता येते. उजव्या हाताकडे जाणारे रक्त महाधमनीतून जोडवाहिनीच्या आधीच वळते, तर पायाकडे जाणारे तिच्या पुढून जाते. म्हणून दोन ठिकाणी मोजणी करतात. भारतात 2013 साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांच्या तपासणीचा समावेश आहे.

यंत्र हाताशी नसले, तरी घरच्यांची नजर मोलाची ठरते. पहिल्या एक-दोन दिवसांत केवळ हातपाय निळसर दिसणे हे बहुधा साधे असते. पण जीभ, ओठ किंवा हिरड्या निळ्या दिसल्या, तर ते धोक्याचे लक्षण होय. बाळ शांत असतानाही मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल, अंगावर पिताना दमत वा घामाघूम होत असेल, मलूल पडले असेल, तर ‘उद्या पाहू’ असे म्हणून थांबू नये; त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. तसेच गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत; त्यांमुळे जोडवाहिनी पोटातच आकुंचित होऊ शकते.

पहिल्या टाहोने आरंभलेले स्थित्यंतर पुढे अनेक दिवस चालू असते. म्हणून बाळ रडले, की त्याचे स्वागत आनंदाने करावे. मात्र पुढील काही दिवस त्याच्या श्वासाकडे, रंगाकडे आणि दूध पिण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.