गटार, विमा आणि नगरपालिका : सात गैरसमज

डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रात 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या. बहुतेक ठिकाणी प्रशासकांच्या काही वर्षांच्या कारभारानंतर लोकनियुक्त सभागृहं पुन्हा भरली. प्रचारात गुळगुळीत रस्ते होते, उद्यानं होती, रोज पाणी देण्याची आश्वासनं होती. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मात्र वेगळंच काही येतं. भुयारी गटार योजनेच्या डीपीआरला (सविस्तर प्रकल्प अहवालाला) मान्यता देणे, घंटागाड्यांच्या विम्याचं नूतनीकरण करणे, भरपाईच्या दाव्यात वकील नेमणे. असे विषय ‘सर्वानुमते मंजूर’ होऊन दोन मिनिटांत संपतात आणि शहर त्यांची किंमत पुढची तीस वर्षं मोजतं. त्यांच्याबद्दल चावडीवर आणि काही वेळा सभागृहातही जे समज आहेत, ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज 1 : नगराध्यक्षांनी मनावर घेतलं की गटार होते.

वस्तुस्थिती : नगराध्यक्ष आता थेट जनतेतून निवडून येतात, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला आहे. पण महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार निर्णय सभेच्या ठरावाने होतो आणि तो अमलात आणतात मुख्याधिकारी. मुख्याधिकाऱ्यांना सभेत मत नसतं आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं. ठराव बेकायदा आहे किंवा लोकहिताला बाधक आहे असं वाटलं, तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात.

गटार योजनेची साखळी तर याहून लांब. आधी सर्वेक्षण, मग डीपीआर, सभेचा ठराव, तांत्रिक मान्यता (ती बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची), शासनाची प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी वर्क ऑर्डर. यातली एक कडी अडली की योजना अडली. म्हणून ‘कधी होणार?’ असं विचारण्यापेक्षा ‘फाइल कोणत्या मान्यतेला थांबली आहे?’ असं विचारावं. त्याचं उत्तर टाळणं अवघड जातं.

गैरसमज 2 : तिजोरीत पैसा नाही, मग पालिका काय करणार?

वस्तुस्थिती : हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच फेटाळला, आणि तोही एका नगरपालिकेच्याच खटल्यात. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात वॉर्ड क्रमांक 12 च्या रहिवाशांची तक्रार साधी होती. उघडी गटारं, संडासांची सोय नसल्याने रस्त्यावर बसणारी माणसं आणि मद्यार्क कारखान्याचं वाहत येणारं दुर्गंधीयुक्त पाणी. रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले आणि त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या तरतुदीखाली, दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी पालिकेला योजना आखायला सांगितलं. पालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. आपल्याकडे पैसा नाही, हे तिचं मुख्य म्हणणं.

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकालात स्पष्ट केलं की स्वच्छता हे पालिकेचं कायद्याने ठरवलेलं मूळ काम आहे आणि आर्थिक अडचण सांगून त्यातून सुटका होत नाही. हा निकाल व्यवहाराला धरूनही होता. पालिकेने सांगितलेल्या मोठ्या खर्चाच्या आकड्यावर न अडता, सुमारे 6 लाखांत होईल अशी मर्यादित योजना न्यायालयाने मान्य केली आणि कामाला एक वर्षाची मुदत घातली. सगळं एकदम जमत नसेल तर जमेल तेवढं ठरवा, पण ठरवा, असा त्याचा मथितार्थ. कलम 133 ची तीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे, म्हणजे रतलामच्या रहिवाशांनी वापरलेली वाट आजही खुली आहे.

शिवाय पैशाच्या वाटाही तेव्हापेक्षा वाढल्या आहेत. 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी सांडपाणी व्यवस्थापनाचा वेगळा घटक आहे. अडतं ते पालिकेचा स्वहिस्सा भरताना, आणि त्याहून जास्त, योजना पूर्ण झाल्यावर पंपांचं वीजबिल भरताना. अनुदानातून प्लांट उभा राहतो. तो रोज चालवण्याचा खर्च मात्र घरपट्टीतून आणि स्थानिक करांतूनच काढावा लागतो.

गैरसमज 3 : पावसाचं पाणी भुयारी गटारात सोडलं तर गटार धुऊन निघते.

वस्तुस्थिती : नव्या योजनांत मैल्याची वाहिनी आणि पावसाळी नाला वेगवेगळे धरलेले असतात. केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेप्रमाणे गटार योजना असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं मानतात. म्हणजे माणशी 108 लिटर. 50 हजार वस्तीच्या शहराचं हे रोजचं 54 लाख लिटर होतं आणि वाहिन्या, पंप, प्रक्रिया केंद्र सगळं याच हिशेबाने बांधलेलं असतं.

आता एका घराची गच्ची घेऊ, हजार चौरस फुटांची. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर साधारण साडेचार हजार लिटर पाणी पडतं. पाच माणसांच्या कुटुंबाचं दिवसाचं सांडपाणी आहे 540 लिटर. म्हणजे गच्चीचा पाइप गुपचूप गटाराच्या चेंबरला जोडणारं घर तासाभरात आठ दिवसांचं पाणी वाहिनीत ढकलतं. आळीतल्या चार-पाच घरांनी तसं केलं की उताराच्या टोकाला, सखल भागात राहणाऱ्यांच्या तळमजल्याच्या संडासातून मैला उलटा वर येतो. चेंबरचं झाकण उचललं जातं आणि काळं पाणी रस्त्यावर येतं. दुसऱ्या दिवशी तक्रार होते ती ‘निकृष्ट कामाची’. काम निकृष्ट असूही शकतं, पण चौकशीची सुरुवात वरच्या आळीतल्या गच्च्यांपासून करावी.

गैरसमज 4 : पाइप जितका मोठा, तितकी गटार चांगली.

वस्तुस्थिती : सभेत हमखास होणारी मागणी म्हणजे ‘आमच्या वॉर्डात मोठा पाइप टाका’. पण मैला वाहून जातो तो पाण्याच्या वेगाने. सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग नसेल तर घाण आणि वाळू तळाशी बसते. मोठ्या पाइपात थोडं पाणी सोडलं तर ते पसरून मंद वाहतं आणि गाळ साचत जातो.

वेग मिळतो उतारातून. 200 मिलिमीटरच्या पाइपात तेवढा वेग यायला साधारण 300 मीटर लांबीला 1 मीटर उतार लागतो. सपाट शहरात दीड किलोमीटरची वाहिनी टाकायची, तर शेवटच्या टोकाला ती सुरुवातीपेक्षा 5 मीटर खोल जाते. काळ्या कातळात एवढं खोदणं म्हणजे फोडकामाचा खर्च आणि अरुंद गल्लीत भिंतींना तडे जाण्याची भीती. म्हणूनच मध्ये वेटवेल (सांडपाणी गोळा करणारी विहीर) बांधून पाणी पंपाने उचलावं लागतं. नकाशात ‘पंपिंग स्टेशन आमच्याकडे नको’ म्हणून ते शंभर मीटर सरकवलं की मागच्या सगळ्या वाहिन्यांची पातळी बदलते. पाइपाचा व्यास आणि उतार या हात वर करून ठरवायच्या गोष्टी नव्हेत. सभेने विचारायचं ते वेगळं : तीस वर्षांनंतरची लोकसंख्या कोणत्या हिशेबाने धरली, आणि घराघरांतली जोडणी योजनेत आहे की मालकावर सोडली आहे? जोडण्याच झाल्या नाहीत तर उत्तम प्लांटसुद्धा कोरडा राहतो.

गैरसमज 5 : भुयारी गटार नाही म्हणजे शहर मागासलेलं.

वस्तुस्थिती : सातारा जिल्ह्यातल्या वाईचं उदाहरण पाहा. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती. घरोघरी सेप्टिक टँक होतेच. सगळे रस्ते उखडण्याऐवजी पालिकेने 2018 पासून टँक ठरावीक वेळापत्रकाने उपसायला सुरुवात केली. तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घराचा टँक रिकामा करायचा आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्चाची तरतूद कराच्या उत्पन्नातून. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच पद्धत स्वीकारली. दोन्ही ठिकाणी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं तांत्रिक साहाय्य होतं.

यात मोठी गोष्ट वेळापत्रकाची. एरवी टँक भरून वाहू लागल्यावरच घरमालक गाडी बोलावतो आणि उपसलेला मैला कुठल्या ओढ्यात गेला हे कोणी विचारत नाही. अर्थात सेप्टिक टँकने मोरीच्या आणि धुण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटत नाही. त्याची वेगळी सोय करावीच लागते. दाट वस्तीत, जिथे शोषखड्ड्याला जागा नाही तिथे, वाहिनीला पर्याय नाही. कोणत्या भागाला काय, हे ठरवणं हाच नियोजनाचा खरा भाग.

गैरसमज 6 : माणूस ठेकेदाराचा, तर जबाबदारीही ठेकेदाराची.

वस्तुस्थिती : 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम 12 सांगतं की ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. मालकाने ती आधी द्यावी, मग ठेकेदाराकडून वसूल करावी.

गटाराच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. हाताने मैला उचलण्याला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 मध्ये स्थानिक संस्थांचा थेट उल्लेख आहे. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवता येत नाही, प्रत्यक्ष नाही आणि ठेकेदारामार्फतही नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी 10 लाखांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली, आणि कायमचं अपंगत्व आल्यास किमान 20 लाख. माणूस न उतरवता गटार साफ करणारी जेटिंग आणि सक्शनची गाडी ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या पालिकेने हे आकडे त्या गाडीच्या किमतीशेजारी मांडून पाहावेत.

गैरसमज 7 : पालिकेवर दावा चालत नाही, आणि चाललाच तरी विमा आहे.

वस्तुस्थिती : दोन्ही भाग चूक. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. पालिका म्हणाली, दोष आतला होता, बाहेरून दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये ते ऐकलं नाही. इमारत 80 वर्षांची, तिच्या चुन्याचं आयुष्य 40-45 वर्षांचं. अशा वास्तूची वेळोवेळी तपासणी करणं मालकाचं कर्तव्य होतं आणि ती केलेली नव्हती. मृतांच्या वारसांना भरपाई मिळाली. अलीकडे, ऑक्टोबर 2025 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, तर जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पैसे आधी संबंधित यंत्रणेने द्यायचे आणि मग दोषी अधिकारी वा ठेकेदाराकडून वसूल करायचे. दिवाणी दावा लावायचा असेल तर 1965 च्या अधिनियमाप्रमाणे आधी महिन्याभराची लेखी नोटीस द्यावी लागते आणि मुदतही थोडी असते, म्हणून वकिलाकडे लवकर जावं.

आता विमा. ‘सरकारी गाडीला विमा लागत नाही’ हे पालिकेच्या वाहनांना आपोआप लागू नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 खाली तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. स्थानिक संस्थेला सूट हवी असेल तर भरपाईसाठी स्वतंत्र निधी उभारून शासनाचा आदेश मिळवावा लागतो. तसं नसेल, तर घंटागाडी असो की अग्निशामक, विम्याची तारीख उलटली की अपघाताची भरपाई पालिकेच्या तिजोरीतून जाते.

बांधकामाच्या विम्याची अट निविदेत ठेकेदारावर असते. पण पॉलिसीला रकमेची मर्यादा असते, अपवाद असतात आणि घटना लगेच कळवण्याची अट असते. दंड आणि शिक्षा कोणतीही पॉलिसी भरत नाही. काम रेंगाळून मुदत वाढवली तरी विम्याची मुदत वाढवायचं राहून जाणं, ही सहज घडणारी चूक. रस्ता खोदलेला, पॉलिसी संपलेली, आणि रात्री त्या खड्ड्यात दुचाकीस्वार पडतो. चांदणी चौकाच्या निकालातून निघणारी गोष्ट इथेही लागू आहे. विमा झालेल्या नुकसानीचे पैसे देईल, पण तपासणीचं काम विमा कंपनी करत नाही.

मग नागरिकांनी बघायचं काय?

सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण अहवाल ही सार्वजनिक कागदपत्रं आहेत. माहिती अधिकारात ती मागता येतात. अंदाजपत्रकात गटारांच्या देखभालीला किती ठेवलं आणि प्रत्यक्ष किती खर्च झालं, हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचावेत. भरपाईपोटी किती गेलं ते पाहावं. चालू कामाच्या विम्याची प्रत मागावी आणि तिच्यावरची तारीख कामाच्या मुदतवाढीशी ताडून पाहावी. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला उद्यानाच्या उद्घाटनाबरोबरच याबद्दलही एकदा विचारावं.

देखभालीचे पैसे वाचवून पालिकेचं काही वाचत नाही. तेवढेच, बहुधा जास्तच, पुढे भरपाईच्या खात्यावर निघतात आणि दोन्ही वेळेला भरणारा घरपट्टीवालाच असतो.